वीस फूट, वर चार बोटं

४ सप्टेंबर

ताई,

वाकून नमस्कार. आमच्या बोगद्याच्या कामावरचा ट्रक परवा तुमच्या बाजूला निघतोय. ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो तुझ्या दारात जनरेटर उतरवून देईल. त्याला चहा पाज, पण जनरेटर त्याच्याकडून सुरू करून घेऊ नकोस. आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटतं.

मशीन जुनं आहे, पण मी स्वतः उघडून, साफ करून जोडलंय. तुमच्याकडे रोज चार-चार तास लाइट जाते म्हणतेस, तर तुझी शिलाईची तिन्ही मशीनं आणि वरचे दिवे त्यावर आरामात चालतील. इस्त्री मात्र लावू नकोस, त्याला दम लागेल.

आता नीट वाच. ट्रकमध्ये आडवंतिडवं होऊन येईल, तेव्हा आधी तासभर सपाट जागेवर नुसतं उभं ठेव. मग इंजिन ऑइल बघ. पेट्रोल भरायचं ते मशीन थंड असताना, आणि टाकी काठोकाठ भरायची नाही. चालू मशीनमध्ये पेट्रोल ओतणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या भुवया मात्र पाहिल्या नाहीत. सुरू करताना एकही वायर जोडलेली नको. चोक ओढायचा, दोरी आधी हळू ओढायची, अडकल्यासारखी वाटली की एक झटका. दोन मिनिटं त्याला स्वतःशी बडबडू दे, चोक आत ढकल, मग एकेक मशीन जोड. सोबत जाड रबरी वायर दिलीय, तीच वापर. भिंतीतल्या सॉकेटात उलटी वायर खुपसून घरभर लाइट आणायची अक्कल कुणी शिकवली तर त्याला हाकलून दे. त्याने खांबावर चढलेला लाइनमन मरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जनरेटर घराबाहेर, उघड्यावर, वीस फूट लांब. धुराचं तोंड घराकडे नको, कुठल्याच खिडकीकडे नको. पावसासाठी वर पत्रा घाल, पण चारी बाजू मोकळ्या. पडवीत नाही, दारात नाही. का ते विचारत बसू नकोस, सांगितलंय तसं कर.

काजवालीला नमस्कार सांग. माझ्या कोटाला तिने केलेली काजं शाबूत आहेत, कोट मात्र दोन ठिकाणी फाटलाय.

तुझा बाळ्या
(वय वर्षं एकेचाळीस)

१३ सप्टेंबर

बाळ्या,

आशीर्वाद. जनरेटर पोचला. ड्रायव्हरने दोन कप चहा घेतला आणि निघताना दोरीला हात घातलाच. मी पट्टी उगारली तेव्हा गेला.

तुझं पत्र वाचून हसू आलं. दहा वर्षांचा होईपर्यंत तुझ्या चड्डीची नाडी मी बांधत होते आणि आता तू मला दोरी कशी ओढायची ते शिकवतोस. पण ओढली बरं का. पहिल्या दोन झटक्यांत काही नाही, तिसऱ्याला असा काही आवाज झाला की शिवायला येणाऱ्या दोघी जावा टेबलाखाली आणि मी थेट फुलझाडांच्या कुंडीत! काजवाली तेवढी जागची हलली नाही. अकरा वर्षं माझ्याकडे मागच्या दाराशी बसून शर्टांना काजं करतेय, छत कोसळलं तरी ती आधी गाठ मारेल आणि मग उठेल. ती विचारत होती, कोटाचं तिसरं काज सैल तर नाही ना झालं? तेव्हा घाईत केलं होतं म्हणे.

देवाशपथ सांगते, तू वेळेवर धावून आलास. शाळेच्या गणवेशाचे चारशे शर्ट ऑक्टोबरअखेर द्यायचे आहेत. नाही दिले तर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल, आणि मग या तिघींना मी कोणत्या तोंडाने या म्हणू?

फक्त एक भानगड झालीय. मागच्या दारापासून वीस फूट म्हणजे बरोबर अंगणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे रिटायर्ड हेडमास्तरांची खिडकी. बायको आजारी, दुपारी तिला जरा डोळा लागतो तेवढाच. काल ते येऊन उभे राहिले. एक शब्द वाईट बोलले नाहीत रे, त्याचंच वाईट वाटलं.

ताई

२२ सप्टेंबर

ताई,

हेडमास्तरांचं वाचलं. भिंतीला लागून वाळूची पोती रच, तोंड दुसरीकडे फिरव, दुपारी दोन तास बंद ठेव, त्यांच्या पाया पड, काय वाटेल ते कर. पण जनरेटर आत घेऊ नकोस. तू मनात काय योजत असशील ते मला इथे बसून दिसतंय. यातलं तुला काही कळत नाही, उगाच स्वतःची हुशारी चालवू नकोस. वीस फूट म्हणजे वीस फूट. एकदा सांगितलं की ऐकायचं.

पावसाने इथे रस्ता वाहून गेलाय. टपाल आठवड्यातून दोनदाच येतं आणि फोन ऑफिसचा साहेब कुलपात ठेवतो. तेव्हा मला चार ओळींचं उत्तर लगेच टाक की जनरेटर लांब आहे.

बाळ्या

३ ऑक्टोबर

बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. इतकं ओरडायची गरज नव्हती. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, हे विसरलास की काय?

जनरेटर वीस फूट लांब आहे. टेप लावून स्वतः मोजलंय, वीस फूट आणि वर चार बोटं जास्तच. आता झालं समाधान?

दोनशे दहा शर्ट झाले. लाइट आता सकाळी अकराला जाते ती तीनपर्यंत. आम्ही जनरेटर लावतो आणि काम चालू. फक्त सगळ्यांची डोकी फार चढतात. धाकटी जाऊ तर कपाळाला ओढणी घट्ट बांधूनच बसते. मलाही संध्याकाळी मळमळतं, पण माझं काय, मी जेवायचंच विसरते.

मला काळजी आहे ती काजवालीची. तिची काजं वाकडी यायला लागलीत. तिची, बाळ्या! जिच्या काजाला कधी पट्टी लावावी लागली नाही तिची! परवा एका शर्टाला तिने पाचाऐवजी सात काजं केली. मी उसवायला दिला तर त्या शर्टाकडे बघतच राहिली, जणू दुसऱ्या कुणी केलाय. वय झालं असेल. मी थोडं बोलले तिला. नको होतं बोलायला.

ताई

११ ऑक्टोबर

ताई,

बरं वाटलं वाचून. माझं बोलणं कडक झालं असेल तर दोन थोबाडीत माझ्या हिशेबी जमा ठेव, आलो की मार.

डोकेदुखीचं कारण मला कळलं. जनरेटरवर दिवा सतत बारीक लुकलुकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण डोक्याला जाणवतं. त्यात बारीक काम. दिवे बदलून पिवळे लाव, आणि जनरेटरवर अगदी कमी भार ठेवू नकोस, तिन्ही मशीनं सुरू असली की तो एका लयीत चालतो. काजवालीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. चष्मा कधीच लागायला हवा होता. आणि तू दुपारी जेवत जा.

तिसरं काज शाबूत आहे म्हणून सांग तिला. तुझ्याकडे राहायला आलो त्या वेळी मी पंधरा दिवस तिच्याशेजारी बसून काजं शिकलो होतो, एकही धड आलं नाही. तरी ती काही बोलली नव्हती. काही विचारलंही नव्हतं.

बाळ्या

१९ ऑक्टोबर

बाळ्या,

दिवे बदलले. चष्माही झाला, पण उपयोग शून्य. खरं सांगू का, मला आता शंका येते की या बायकांना कामाचा कंटाळा आलाय. रविवारी सुट्टी, तर सोमवारी सकाळी तिघी टवटवीत. दुपार झाली की एकीला मळमळतं, एकीचे पाय गळतात. थोरली जाऊ काल दोनदा ओकली. मी म्हटलं, शर्ट बघून ओकारी येते का तुला?

आणि काजवाली चक्क सुई हातात धरून पेंगत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "झोपायला येतेस का इथे?" तिने मान खाली घातली. घरी जाताना माझ्या चपलांशी अडखळून म्हणाली, "उद्या नाही झोपणार, ताई." मला रडू आलं, पण शर्ट अजून नव्वद राहिलेत. दिवस थोडे.

एकच चांगली गोष्ट. हेडमास्तर आज स्वतःहून दारात आले आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही काय जादू केलीत? तीन आठवडे झाले, जनरेटरचा आवाजच कानावर येत नाही. बंद केलात का?" मी हसले नुसती. बघ, हुशारी चालवली की जमतं कधीकधी.

ताई

तार
२५ ऑक्टोबर

जनरेटर आत्ताच्या आत्ता बंद. दारंखिडक्या उघड. सगळ्यांना अंगणात आण. कुणी झोपली असेल तर उचलून आण. बाळ्या

२८ ऑक्टोबर

बाळ्या,

तुझी तार अडीच वाजता आली. सगळं जसं घडलं तसं लिहिते. 

त्या दिवशी लाइट अकरालाच गेली. दीडच्या सुमाराला काजवालीने टेबलावर डोकं टेकलं. धाकटी तिला हलवायला निघाली, तर मीच म्हटलं, "असू दे, आज झोपूच दे. जाग आली की तिची तिलाच लाज वाटेल." आणि आम्ही तिघी शिवत बसलो. तासभर, बाळ्या. ती माझ्यापासून चार हातांवर होती आणि मी कॉलर लावत बसले होते.

तारवाल्याने पुढचं दार वाजवलं. उठताना माझे गुडघे दुमडले, मला वाटलं बसून बसून मुंग्या आल्या. तारेतली शेवटची ओळ वाचली आणि मागे वळून पाहिलं. तिचा हात टेबलावरून खाली लोंबत होता. सुई खाली पडली होती.

दोघी जावांनी आणि मी तिला उचललं, पण आमच्यातच जोर नव्हता. उंबऱ्यावर तिघी पडलो. आमची ओरड ऐकून हेडमास्तर भिंत चढून आले, सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी तिला ओढत अंगणात नेलं आणि आपल्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. ती जिवंत आहे. दोन दिवसांनी डोळे उघडले. मला ओळखते. बाकी काय ओळखते ते अजून कळत नाही.

आता तुला जे सांगितलं नाही ते सांगते. जनरेटर कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत होता. तुझं ते ओरडणारं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तो आत घेतला. हेडमास्तरांची बायको डोळ्यांसमोर येत होती, आणि तुझा रागही आला होता. वर तू कारण सांगायला तयार नाहीस! माझ्याच घरात मला वेडी ठरवणार? तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून टेप घेतली. शिलाईच्या टेबलापासून धरली, पॅसेजमधून नेली, कोपऱ्यावर वळवली आणि गठ्ठ्यांच्या खोलीतल्या भिंतीपर्यंत लावली. बाहीचं माप आम्ही कोपरावरून वळवूनच घेतो. वीस फूट आणि चार बोटं भरलं. मला वाटलं, धूर इतका लांबचा वळसा घेऊन कशाला येईल? खिडकी वीतभर उघडी ठेवली होती. दारावर दोन गोधड्या लावल्या, आवाजासाठी. धुराचा वासही येत नव्हता. वास आला असता तर मला कळलं असतं ना रे?

तुला "वीस फूट" लिहिलं तेव्हा "घरात" हा शब्द मी मुद्दाम लिहिला नाही. तू ओरडशील म्हणून. एवढ्याच कारणासाठी.

ताई

५ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. तार केली त्या दिवशी तुझ्या आधीच्या पत्रातली हेडमास्तरांची ओळ मी दोनदा वाचली. उघड्यावरचा जनरेटर भिंतीपलीकडे ऐकू येत नाही, असं होऊच शकत नाही. मग रविवार, मळमळ, पेंगणं, सगळं एकदम समोर आलं. तारघर अकरा किलोमीटर खाली आहे. ट्रक नव्हता. मी पळत गेलो.

पण ते सगळं तुझ्या त्याआधीच्या पत्रातही होतं. डोकी, मळमळ, वाकडी काजं. एखाद्या नवख्यालाही कळलं असतं. मी तुला पिवळे दिवे लावायला सांगितलं. काजवालीला चष्मा करायला सांगितलं. तिन्ही मशीनं चालू ठेव म्हटलं. हे मी केलं, ताई, आणि मला हे माहीत असायला हवं होतं. या जगात कुणाला माहीत असायला हवं होतं तर ते मला.

सहा वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे पंधरा दिवस येऊन राहिलो होतो. टायफॉइड झाला होता म्हणालो. मला काही झालं नव्हतं.

बोगद्यात पाणी साचायचं. ते उपसायचा पंप पेट्रोलच्या इंजिनावर चालायचा आणि इंजिन बोगद्याबाहेर ठेवायचा नियम होता. पाइप तोकडा पडत होता. नवा पाइप यायला आठवडा लागणार होता. इंजिन मी आत घेतलं. पंचवीस पावलंच आत. तोंड उघडं आहे, वारा येतो, काय होणार आहे, असं मीच म्हणालो. उंच्या म्हणून माझा जोडीदार होता, वेल्डर, दारातून वाकून यायचा म्हणून उंच्या. तो पाइप बघायला आत गेला. तासाभराने मी गेलो तर भिंतीला टेकून बसला होता. गाल लाल, चेहरा शांत. मला वाटलं डुलकी काढतोय. मी त्याला शिवी घातली. शिवी घालून तंबाखू मळत बसलो. मग कळलं, तो गेलाय.

त्या धुरात जो वायू असतो त्याला वास नाही, रंग नाही. गोधडीने वास अडतो, तो अडत नाही. दारं, कोपरे, पॅसेज, त्याला सगळं सारखंच. माणसाला आधी डोकं दुखतं, मळमळतं, चुका होतात, मग पेंग येते, आणि बघणाऱ्याला वाटतं हा झोपलाय. एवढंच लिहायचं होतं मला पहिल्या पत्रात. चार ओळी. पण त्या लिहिल्या असत्या तर तू विचारलं असतंस, तुला रे कसं माहीत? म्हणून मी "का ते विचारत बसू नकोस" असं लिहिलं, आणि पुढच्या पत्रातही कारण सांगायच्या ऐवजी ओरडलो.

हे पत्र तिला वाचून दाखव. जावांनाही. माझी लाज राखू नकोस.

बाळ्या

१७ नोव्हेंबर

बाळ्या,

आशीर्वाद. आधी इकडचं सांगते, मग तुझं.

शाळेने शर्टांना मुदत वाढवून दिली नाही. आहेत तेवढे घेतले आणि पुढच्या वर्षीचं नंतर बघू म्हणाले. म्हणजे काय ते मला कळतं. थोरली जाऊ परत आली. धाकटी येणार नाही म्हणते आणि मी तिला आग्रह केलेला नाही. जनरेटर भिंतीशी आहे, पत्र्याखाली, चारी बाजू मोकळ्या. हेडमास्तर त्यांची खिडकी जरा जोरातच आपटतात, पण काही म्हणत नाहीत.

तेव्हा टायफॉइड नव्हता, हे मला माहीत होतं. ताप नसलेल्या माणसाला टायफॉइड होत नाही रे खुळ्या. तू बोलशील म्हणून मी थांबले आणि मग थांबण्याचीच सवय झाली. विचारायला हवं होतं. मोठी होते ना मी.

काजवाली घरी आलीय. चालते, जेवते. हात थरथरतो. सुई दिली की धरते, कापडाला चीरही नेमकी पाडते, पण पुढे काय करायचं ते तिला आठवत नाही. सुई वर धरून माझ्याकडे बघते. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसते. ती माझ्याशी नीट बोलतच नव्हती. मला वाटलं रागावलीय, आणि रागवायचा तिला हक्कच होता.

काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं, उंच्याचंही. माझी टेपही सांगितली. ऐकताना ती पदराचं टोक बोटांवर गुंडाळत होती. वाचून झालं. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे ताई, त्या दिवशी मला कामावर झोप लागली नव्हती?"

तीन आठवडे ती त्याच लाजेत होती, बाळ्या. दवाखान्यातही, नाकात नळी असताना.

मी म्हटलं, "नाही गं बाई. तू झोपली नव्हतीस."

ताई